हलकी गाडी, भारी मजा

गाडी हलकी करायचा पहिला उपाय फुकटात होतो: टाकी अर्धीच भरा. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या जरा आत भरतं. चाळीस लिटरची टाकी काठोकाठ भरली की तीस किलो ओझं गाडीवर चढलं. अर्धी ठेवली की पंधरा किलो उतरले, आणि त्यासाठी पानासुद्धा हातात घ्यावा लागला नाही.

जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची, चालायला-थांबायला-वळायला लागतं तेवढं ठेवायचं, बाकीचं सोडवून बाजूला रचायचं आणि उरलेला हलकाफुलका ऐवज कायद्यात बसवून रस्त्यावर आणायचा, ही हौस जगभर आहे. ती वसईकडच्या गासच्या माणसाला चटकन कळावी. वाड्यांच्या कुंपणांमधून जाणाऱ्या गल्ल्या, बावखळाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेने घेतलेली वळणं, समोरून रिक्षा आली की थांबून दिलेली वाट, अशा ठिकाणी दोनशेचा वेग काय कामाचा? तिसाच्या वेगात मजा द्यायची ताकद हलक्या गाडीतच असते. मला स्वतःला तीनशे अश्वशक्तीच्या जड गाडीपेक्षा चाळीस अश्वशक्तीची हलकी गाडी केव्हाही जास्त प्रिय. का, ते पुढे आकड्यांत.

चाळीस घोडे, तीन गाड्या

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी: १०८९ सीसी, साधारण चाळीस अश्वशक्ती, वजन नऊशे किलोंच्या आसपास. म्हणजे टनामागे पंचेचाळीस घोडे.

सुरुवातीची मारुती ८००: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, जेमतेम चाळीस अश्वशक्ती, वजन साडेसहाशेच्या घरात. टनामागे साठ.

१९५७ सालची इंग्लंडची लोटस सेव्हन: फोर्डचं ११७२ सीसीचं साधंसुधं इंजिन, तेही चाळिसाच्याच आसपास. वजन मात्र पाचशे किलोंच्या जवळपास. टनामागे ऐंशी!

तिघींचे घोडे सारखेच. एक मुंबईची टॅक्सी झाली, दुसरी मध्यमवर्गाची पहिली गाडी, आणि तिसरीचं नाव घेतलं की आजही शौकीन माणूस हातातलं काम सोडून बोलायला बसतो. फरक फक्त वजनाचा आहे.

आणि वजन घटलं की नुसती धाव वाढत नाही. इंजिनाची ताकद वाढवलीत तर गाडी सरळ रस्त्यावर जोरात सुटेल, पण थांबायला तेवढंच झगडेल. वजन उतरवलं तर सगळीकडे मिळतं. गाडी थांबवताना तिची सगळी गती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते आणि ही उष्णता वजनाच्या प्रमाणात असते. नऊशेची गाडी साडेसहाशेवर आली तर त्याच वेगातून थांबताना ब्रेकवरचा ताप पाव हिश्श्याहून जास्त कमी होतो. वळणावर टायरला कमी ओढाताण सोसावी लागते, स्टिअरिंगला पॉवरची गरज उरत नाही, क्लच आणि बेअरिंग जास्त टिकतात. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन नालासोपाऱ्याचा पूल चढणारी बाई आणि तीच बाई पाटी विकून रिकाम्या हाताने परतताना, पाय तेच असतात.

पेट्रोलचंही तसंच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ढोबळ हिशेब असा की गाडीचं वजन दहा टक्के घटलं तर इंधन सहा ते आठ टक्के वाचतं.

रस्त्यासाठीची गंमत तर याहून मोठी आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवले आणि रस्ता किती झिजतो ते मोजलं. निष्कर्ष असा की झीज आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. आसावरचं वजन दुप्पट झालं तर झीज दुप्पट नाही, सोळा पट. गावातल्या रस्त्याचा खरा मित्र म्हणजे हलकी गाडी.

मागच्या आवारात सुरू झालेला कारखाना

लोटसचा कर्ता कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकामाचं अभियांत्रिकी शिकत होता. गाड्यांचं नाही, बांधकामाचं! पूल आणि तुळया यांचं गणित डोक्यात असलेल्या या मुलाने एक जुनी ऑस्टिन सेव्हन घेतली, तिचं अंग उतरवलं आणि प्लायवूडचं नवं अंग चढवलं. ही सगळी खटपट मैत्रिणीच्या वडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये झाली. १९४८ ची ती गाडी म्हणजे पहिली लोटस. पुढे त्या मैत्रिणीशी, हेझलशी, त्याचं लग्न झालं आणि कंपनी उभी करण्यातही तिचा वाटा राहिला.

जुनी ऑस्टिन सेव्हन हे अनेक मोठ्या नावांचं बालपण आहे. न्यूझीलंडच्या ब्रूस मॅक्लारेननेही पहिल्या शर्यती ऑस्टिन सेव्हनवरच केल्या. आणि बीएमडब्ल्यूने मोटार बनवायला सुरुवात केली ती १९२८ मध्ये डिक्सी नावाची गाडी बनवणारा कारखाना विकत घेऊन. ती डिक्सी म्हणजे परवान्यावर जर्मनीत बनणारी ऑस्टिन सेव्हनच.

उलट्या सूचना

लोटस सेव्हन सुट्या भागांत विकत मिळायची. कारण कर. इंग्लंडात तेव्हा तयार गाडीवर जबर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. पण सरकारने अट घातली होती की पेटीत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. दिल्या तर ती गाडीच समजली जाईल. लोटसने मग गाडी सोडवायची कशी याच्या सूचना दिल्या. घेणाऱ्याने त्या शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचं.

१९७३ मध्ये सेव्हनचे हक्क कॅटरहॅमने घेतले. आजही ती गाडी बनते आणि आजही सुट्या भागांत मिळते.

वेडाचे मासले

वजन काढायचं वेड लागलं की माणसं कुठवर जातात, ते पाहण्यासारखं आहे.

१९३४ मध्ये ग्रां प्री शर्यतींना ७५० किलोंची मर्यादा होती. मर्सिडीजचे पथकप्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअर सांगत की नुर्बुर्गरिंगच्या शर्यतीआधी गाडी काट्यावर एक किलो जास्त भरली, म्हणून रात्रीत पांढरा रंग खरवडून काढला आणि खालचं ॲल्युमिनियम चमकू लागलं. चंदेरी बाणांची दंतकथा इथून सुरू झाली. इतिहासकारांनी या कथेवर पुढे बऱ्याच शंका काढल्या. पण रंगालाही वजन असतं, हे तिच्यामुळे जगाच्या कायमचं लक्षात राहिलं.

पोर्शच्या फर्डिनांड पिएखबद्दल असं सांगतात की तो खिशात लोहचुंबक घेऊन फिरायचा. शर्यतीच्या गाडीत चुंबक कुठे चिकटला की तो भाग पोलादी, म्हणजे जड, म्हणजे बदला. १९६८ च्या त्याच्या घाटशर्यतीच्या ९०९ चं वजन चारशे किलोंच्याही आत होतं. पुढे ९१७ मध्ये गिअरच्या दांड्याची मूठ बाल्सा लाकडाची केली. हे तेच भेंडासारखं हलकं लाकूड, ज्याची मुलं खेळण्यातली विमानं करतात.

१९७३ ची पोर्श ९११ कॅरेरा आरएस ही तर रस्त्यावर चालणारी गाडी. तिच्या हलक्या आवृत्तीत पत्रा पातळ, काच पातळ, मागचं आसन नाही, दार ओढायला आतून चामड्याचा पट्टा, आणि नाकावरचं धातूचं बोधचिन्ह काढून तिथे चिकटपट्टी. वजन ९६० किलो. शर्यतीच्या नियमासाठी पाचशे गाड्या विकायच्या होत्या, विकल्या गेल्या पंधराशेहून जास्त! लोकांनी कमी सामानाच्या गाडीसाठी रांग लावली, याचं मला फार कौतुक वाटतं.

१९८७ ची फेरारी एफ४० आणखी पुढे गेली. गालिचा नाही, रेडिओ नाही, दार उघडायला आतून एक तार. फेरारीच्या शोरूममध्ये जाऊन माणसं ती तार विकत घेत होती.

आणि माझदाच्या अभियंत्यांनी एमएक्स-५ च्या एका पिढीत आतल्या मागच्या आरशातून ८४ ग्रॅम कमी केले. चौऱ्याऐंशी ग्रॅम! एका आरशात हसू येतं, पण शंभर सुट्या भागांत तेवढेच वाचले तर आठ किलोंवर गेले.

अंग सहज सुटणारी

एमएक्स-५ वरच थांबूया, कारण सोलून काढलेल्या गाड्यांची आजची राणी तीच. १९८९ साली आली तेव्हाच ती हजार किलोंच्या आत होती. तिच्या गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत एक लांब ॲल्युमिनियमची चौकट जाते. त्यामुळे अंगाचे बोल्ट काढून कवच वर उचललं की इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि चारही चाकं एकत्र जमिनीवर उरतात. त्यावर नळ्यांचा पिंजरा ठेवून बोल्ट मारले की एक्सोसेट नावाची गाडी तयार. छत नाही, दारं नाहीत, वजनातून दोनशेच्या वर किलो गेलेले. मूळ आराखडा इंग्लंडचा, अमेरिकेतही तिचे सुटे भाग मिळतात.

इंग्लंडात अशी गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारी परीक्षा द्यावी लागते. दिवे, ब्रेक, आवाज, धूर, आरसे, कुठे बोचणारी कड आहे का, सगळं तपासतात. जिचं वय ठरवताच येत नाही अशा भागांच्या गाडीला क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर मिळतो. हौशी माणसाला रस्ता दाखवणारी ही पद्धत आपल्याकडे यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे एमएक्स-५ अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. पण अंग सहज सुटणारी गाडी होती: स्टँडर्ड हेरल्ड. १९६१ पासून मद्रासला बनत होती. वेगळी चासी, वर बोल्टांनी जोडलेलं अंग, पुढचं सगळं नाक एकदम पुढे उलटायचं आणि मेकॅनिक चक्क चाकावर बसून इंजिनाचं काम करायचा. इंग्लंडात हेरल्डचीच चासी आखूड करून ट्रायम्फने स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार काढली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर हेरल्ड आणि फियाट शर्यतीला उतरत, तेव्हा मागचं आसन आणि बंपर काढणं हीच पहिली तयारी असे.

त्याच फियाटची पुढे पद्मिनी झाली, पण तिची शर्यत आता संपली आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली.

आपल्या मातीतल्या हलक्या गाड्या

मारुती ८०० ला मी उगीच वर मानाने बसवलेलं नाही. कोइंबतूरच्या एस. करीवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिचं इंजिन नळ्यांच्या चौकटीत, उघड्या चाकांच्या एकआसनी गाडीत बसवलं आणि फॉर्म्युला मारुती उभी केली. महागडी परदेशी गाडी न आणता देशातल्या पोरांना शर्यत शिकता यावी, हा हेतू. नारायण कार्तिकेयन त्या गाड्यांवर शर्यती करत वर आला आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय झाला. भाजी आणायच्या गाडीचं इंजिन एवढं लांब घेऊन गेलं.

दुसरी आपल्या शेजारची, गोव्याची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने स्टॉर्म नावाची दोन आसनी, उघड्या छताची छोटी गाडी काढली. अंग फायबरग्लासचं, इंजिन रेनोचं ११४९ सीसी, साठेक अश्वशक्ती. फार थोड्या बनल्या. पण तिची कल्पना अगदी बरोबर होती. फायबरग्लासला गंज लागत नाही आणि कोकणकिनाऱ्यावर, जिथे खाऱ्या वाऱ्याने नवा पत्राही काही वर्षांत फोडासारखा फुगतो, तिथे याहून शहाणी निवड नाही. आज कोणाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी स्टॉर्म असेल तर ती सोलायची नाही. जपायची.

तिसरी जिप्सी, १९८५ ची. शिडीची चासी, कापडी छत, सुरुवातीला ९७० सीसीचं लहानसं इंजिन. हिमालयातल्या रॅलीत जिप्सीने वर्षानुवर्षं राज्य केलं ते ताकदीच्या नाही, हलकेपणाच्या जोरावर. आणि तिच्याही आधी महिंद्राची विलिज जीप, जी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जुळायला लागली. दारं नाहीत, कापडी टप, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येणारी. सोललेली गाडी हवी असेल तर ही कारखान्यातूनच सोलून आलेली आहे, आणि त्यामुळेच पूर्ण कायदेशीर.

आरसी बुकातला एक रकाना

आता कायदा, कारण इथे बरेच जण फसतात.

आरसी काढून बघा. रंग, आसनसंख्या, अंगाचा प्रकार आणि गाडीचं रिकामं वजन, सगळं त्यात नोंदलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करता येत नाही. केरळातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे निःसंदिग्ध सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला शिक्षाही ठरवली: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. छत कापलं, दारं काढली, नळ्यांचा पिंजरा चढवला, म्हणजे तीन फेरफार झाले. अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते, आणि ते दंडाहून महाग पडतं.

मग पन्नास वर्षांच्या गाडीला सूट असेल? व्हिंटेज गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळा नियम झाला, नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण त्याची अट उलटीच आहे: गाडी मूळ रूपात राखलेली हवी, चासी, अंग किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही.

पूर्ण सोललेली गाडी भारतात ट्रॅकची. ती ट्रेलरवर चढवून न्यायची, चालवायची, ट्रेलरवरच परत आणायची. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि करीवर्धन यांच्या नावाचा कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे ही त्याची घरं. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या शर्यती झाल्या आहेत.

आणि ज्याला स्वतःच्या हाताने चौकट वेल्ड करायची आहे, त्या मुलाने अभियांत्रिकीला जावं. बाहा एसएई इंडिया ही विद्यार्थ्यांची स्पर्धा २००७ पासून सुरू आहे, फॉर्म्युला भारत आणि सुप्रा आहेत. विद्यार्थी गाडी आखतात, नळ्या कापतात, जोडतात, काट्यावर चढवतात आणि चालवतात. विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयाचं ओरायन रेसिंग आणि आयआयटी मुंबईचं विजेच्या शर्यतगाडीचं पथक ही आपल्या मुंबईतलीच नावं. या मुलांनी एकेका किलोवरून केलेले वाद ऐकले तर चॅपमन त्यांच्यात मांडी घालून बसला असता.

गासमध्ये काय काय उतरवता येतं

कायद्याला धक्का न लावता बरंच.

आधी पुढचा लोखंडी गार्ड काढा. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं की असे गार्ड बेकायदा आहेत. शिवाय ते एअरबॅगच्या सेन्सरला चकवतात आणि पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतात. दहा-पंधरा किलो तिथेच गेले, तेही गाडीच्या अगदी नाकावरून. वळताना फरक लगेच जाणवतो.

मग टपावरचा कॅरिअर, डिकीतला वूफरचा खोका, मागून चढवलेले जाड मॅट आणि सीट कव्हर. अवजारांचा डबा उघडून बघा, त्यात मागच्या गाडीचे पाने सापडतात.

स्टेपनी मात्र ठेवा. २०२० च्या नियमाने स्टेपनीशिवाय गाडी विकायला परवानगी दिली, पण ती ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या गाड्यांना. जुन्या गाडीत यातलं काहीच नसतं. सनसिटी-गास रस्त्यावर रात्री पंक्चर झाल्यावर स्टेपनीच्या बारा-पंधरा किलोंची किंमत कळते.

चाकं हा श्रीमंतीचा भाग. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं आणि वर फिरतंही, म्हणून तिथला एक किलो आसनाखालच्या किलोपेक्षा जास्त नडतो. मापाबाहेरचे मोठे, चमकदार अलॉय बसवले की गाडी दिसते हलकी आणि चालते जड. कंपनीच्या मापाचं हलकं चाक घ्या.

फरशीखालच्या आवाजरोधक डांबरी पट्ट्या काढायची परदेशातली युक्ती मला फार आवडते: त्यांवर कोरडा बर्फ, म्हणजे उणे ७८ अंशांचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड पसरायचा. डांबर काचेसारखं कडक होतं, हातोडीने टकटक केलं की तुकडे उडतात. रस्त्याच्या गाडीत मात्र हे करू नका. वसईच्या उन्हात फरशी तापते आणि गोंगाटाने डोकं उठतं. शिवाय दार बंद ठेवून कोरडा बर्फ वापरला तर त्याचा वायू जीवघेणा ठरतो.

एक वजन मात्र आपोआप कमी होत असतं आणि ते थांबवायचं असतं: गंज. पावसाळ्यात हा सखल पट्टा पाण्याखाली जातो, गाडी चिखलपाण्यातून येते, दारांच्या आणि दारांखालच्या सिलच्या तळाची पाणी जायची छिद्रं मातीने बुजतात. आत पाणी साचतं, वर खारा वारा. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून पत्रा चाळण. जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकायच्या आधी ही छिद्रं तारेने टोकरून बघा आणि पत्रेवाल्याला बरोबर न्या. सिल गेलेली असेल तर किंमत कितीही पाडून मिळाली तरी सोडा. सगळी गाडी त्या पत्र्यावर उभी असते.

हे सगळं उतरवून झालं की एक काम उरतं, आणि ते मला सगळ्यांत आवडतं. वसईच्या गाड्यांचा नंबर एमएच-४८ आणि पूर्वेचा अहमदाबाद महामार्गही राष्ट्रीय महामार्ग ४८. त्या महामार्गावर ट्रकांचे वजनकाटे आहेत. रविवारी सकाळी अर्ध्या टाकीने तिथे जा, गाडी काट्यावर घ्या, खाली उतरा आणि पावती घ्या. ट्रकचा काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्यानेच मोजतो, तेवढी सूट धरा. पावतीवरचं वजन आरसीतल्या रिकाम्या वजनाशी ताडून बघा. पंधरा-वीस किलोंहून जास्त फरक निघाला तर अजून एकदा डिकी उघडा.